रास्ता पेठ ते कॅम्प: प्रार्थनास्थळं आणि खाणं एका दिवसात नीट कसं पाहावं

पुण्यातल्या रास्ता पेठ, नाना पेठ, क्वार्टर गेट आणि कॅम्प या पट्ट्यात विठोबाचं मंदिर, कॅथलिक चर्च, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), अग्यारी (पारशी अग्निमंदिर), दर्गा आणि गुरुद्वारा ही सगळी ठिकाणं पायी जाण्याच्या अंतरात आहेत. तरी हा भाग बघायला गेलेली मंडळी बऱ्याचदा फक्त बाहेरून इमारतींचे फोटो काढून आणि दोन बेकऱ्यांच्या पिशव्या घेऊन परत येतात. कारण ठरलेलं असतं. रविवारी सकाळी अकराला निघायचं, वाटेत दिसेल ते खायचं आणि मग जे उघडं असेल तिथे शिरायचं. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) चालू असते, कयानी बेकरीचं शटर खाली असतं आणि सिनेगॉगच्या फाटकावर ‘परवानगी आहे का?’ असं विचारलं जातं.

क्रम उलटा लावायला हवा. आधी प्रार्थनांच्या वेळा कागदावर मांडा आणि त्यांच्या मधल्या फटीत खाणं बसवा. या भागातल्या लोकांचं खाणंही त्यांच्या प्रार्थनेच्या वारांशी आणि वेळांशी बांधलेलं आहे, त्यामुळे या क्रमाने गेलात तर ताटात काय आहे आणि ते आजच का आहे, हेही कळत जातं.

सगळं मिळून चालणं साधारण तीन ते चार किलोमीटर होतं. तरी दिवसभर राखून ठेवा.

## १. वार आधी ठरवा, यादी नंतर

पहिला निर्णय वाराचा. तो चुकला की बाकीची तयारी कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.

शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, त्या वेळात मशिदींच्या आसपास बघे म्हणून फिरू नका. त्याच दिवशी सूर्यास्तापासून ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत चालतो. म्हणजे सिनेगॉग पाहण्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार दोन्ही बाद. रविवारचं वर आलंच आहे. सोमवारी महादेवाच्या देवळांत गर्दी असते. सोमवार पेठेतलं नागेश्वर मंदिर तुमच्या यादीत असेल तर तो दिवस टाळा. दर्शनाच्या रांगेतच जायचं असेल तर मात्र मुद्दाम सोमवारीच जा.

उरतात मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. माझी पसंती बुधवारला आहे. आपल्यापैकी अनेकांचा मंगळवार किंवा गुरुवार सामिष न खाण्याचा असतो. गटात असा एक माणूस जरी असला तरी दुपारच्या जेवणाचा सगळा बेत बदलावा लागतो. दर्ग्यावरची वर्दळ पाहायची असेल तर गुरुवारची संध्याकाळ उत्तम, फक्त त्या दिवशी कोण काय खाणार ते आधी विचारून घ्या.

तपासा: ठरवलेल्या दिवशी एकादशी, संकष्टी, रमजानचा रोजा, ज्यूंचे सप्टेंबर-ऑक्टोबरमधले मोठे सण किंवा ऑगस्टमधल्या पारशी नववर्षाआधीचे मुक्ताद (पितरांच्या स्मरणाचे दिवस) यांपैकी काही येतं का? ‘हो’ असेल तर तो दिवस पाहुण्याने टाळावा असाच आहे, असं नाही. पण त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी लोक आपापल्या कामात असतात आणि तुमच्याशी बोलायला कुणालाही सवड नसते.

## २. परवानग्या आणि फोन

गट चार ते सहा जणांचा ठेवा. दहा माणसं एकदम आत आली की कुठल्याही प्रार्थनास्थळात तिथल्या लोकांनाच अवघडल्यासारखं होतं. शिवाय इराणी हॉटेलात दहा जणांना एकत्र टेबल मिळत नाही.

परवानगी लागते ती मुख्यतः सिनेगॉगसाठी. कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला पोलिस बंदोबस्त असतो. ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत आणि आधी विचारलेलं नसेल तर फाटकावरूनच परत यावं लागू शकतं. काही दिवस आधी विश्वस्तांशी किंवा तिथल्या कार्यालयाशी संपर्क साधा. किती जण, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कशासाठी, हे चारही मुद्दे एकाच वेळी सांगा. ‘बघू, येऊ कधीतरी’ अशा चौकशीला होकार मिळत नाही. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं सिनेगॉग १९२१ सालचं आहे. तेही पाहायचं असेल तर वेगळी परवानगी घ्या. एका ठिकाणचा होकार दुसरीकडे चालत नाही.

गुरुद्वाऱ्यात लंगरसाठी परवानगी लागत नाही. पण सहा जण जेवायला येणार असलात तर आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा.

चर्चची गोष्ट वेगळी आहे. तिथे परवानगीपेक्षा मिस्सांचं वेळापत्रक महत्त्वाचं. ते आवारातल्या फलकावर लावलेलं असतं. शक्य असेल तर दोन दिवस आधी जाता-येता डोकावून त्याचा फोटो काढून ठेवा. सण, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) किंवा लग्न असेल तर त्या वेळा बदलतात.

इशारा: नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या ‘उघडं आहे’ या शब्दांवर प्रार्थनास्थळांच्या बाबतीत विसंबू नका. आवार उघडं असणं आणि पाहुण्याने आत येणं योग्य असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

## ३. अंगावर काय, पिशवीत काय

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, मग सगळीकडे चालतं. प्रत्येक ठिकाणाचा वेगळा नियम पाठ करत बसण्यापेक्षा हे सोपं.

डोकं झाकण्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःचा मोठा सुती रुमाल किंवा ओढणी हवी. गुरुद्वाऱ्यात स्त्री-पुरुष दोघांनीही डोकं झाकायचं असतं, सिनेगॉगमध्ये पुरुषांनी, दर्ग्यात दोघांनी. याउलट चर्चमध्ये पुरुष टोपी काढून ठेवतात. सकाळी घातलेली टोपी दिवसभर तशीच ठेवून फिरलात तर एका तरी उंबऱ्यावर ती चुकीची ठरणार.

चप्पल सहज काढता येईल अशी घाला. लेस बांधायचे बूट घातलेला एक माणूस प्रत्येक दारात बाकी पाच जणांना थांबवून ठेवतो. मार्च ते मे या दिवसांत फरशी तापते, तेव्हा मोजे बरोबर असू द्या. वाटेत जैन देरासरात जायचं असेल, उदाहरणार्थ गुरुवार पेठेतलं गोडीजी पार्श्वनाथ मंदिर, तर कातडी पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागतं. त्या दिवशी कापडी पिशवीच वापरा.

मूळ ओळखपत्र, सुट्टे पैसे, पाण्याची बाटली. तंबाखू, सिगारेट, गुटखा घरी ठेवा. गुरुद्वाऱ्यात खिशात असलेलीही चालत नाही.

गाडी नेऊ नका. कॅम्पात पार्किंग शोधण्यात वेळ गेला की पुढची प्रत्येक वेळ सरकते. मेट्रोने पुणे स्टेशनला उतरून रिक्षाने नाना पेठ गाठा आणि परतताना पूलगेटहून बस पकडा.

## ४. सकाळी साडेसात: निवडुंग्या विठोबा आणि साधी न्याहारी

सुरुवात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरापासून करा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती इथेच. ज्ञानोबांची पालखी जवळच्या भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते. एरवी सकाळी इथे शांतता असते. मराठी वाचकाला इथे काही शिकवायची गरज नाही. तरी दिवस इथून सुरू करण्याला कारण आहे: आपल्या ओळखीच्या जागी आपण किती सहज वागतो, कुठे थांबतो, कशाला हात लावत नाही, हे एकदा जाणीवपूर्वक पाहून घ्या. पुढच्या प्रत्येक दारात तिथल्या माणसालाही तितकीच सहजता असते. तिच्या आड न येणं, एवढंच दिवसभराचं काम आहे.

दर्शनानंतर न्याहारी. शाकाहारीच करा आणि कमी करा. रास्ता पेठेत दाक्षिणात्य वस्ती जुनी आहे, त्यामुळे इडली-सांबार आणि फिल्टर कॉफी या बाजूला सहज मिळते. दोन जणांत एक प्लेट पुरे. पोट भरलेलं असलं की दुपारच्या जेवणाची मजा जाते, आणि या मार्गावर दुपारचं जेवण हाच खाण्याचा मुख्य टप्पा आहे.

रास्ता पेठेतून जाताना बऱ्याच जणांना बेने इस्रायली खाणं चाखायचं असतं आणि ते हॉटेलं शोधत बसतात. हे खाणं घरातलं आहे. गोड पोहे, ओला नारळ, वेलदोडा आणि फळं घालून केलेला मलिदा प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस फेडताना किंवा शुभकार्यात होतो आणि जमलेल्यांना वाटला जातो. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही या नियमामुळे त्यांच्या रश्शात नारळाचं दूध येतं. मासे खवल्यांचेच चालतात. कोकणातल्या आपल्या स्वयंपाकाशी याचं नातं इतकं जवळचं आहे की एखाद्या बेने इस्रायली घरी बोलावणं आलंच तर ताट ओळखीचं वाटेल. बोलावणं नसेल तर शोधाशोध करू नका आणि सिनेगॉगमध्ये भेटलेल्या माणसाकडे ‘आम्हाला खायला कुठे मिळेल?’ असा लकडाही लावू नका.

## ५. क्वार्टर गेटचं चर्च: इथे सर्वांत जास्त चुका होतात

नाना पेठेतून क्वार्टर गेटकडे या. इथलं निष्कलंक गर्भसंभव मातेचं कॅथलिक चर्च पुणेकरांना सिटी चर्च म्हणूनच ठाऊक आहे. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेल्या जागेवर ते उभं राहिलं.

सकाळची मिस्सा संपल्यावर पोहोचा. तेव्हा आत निवांत बसता येतं. मिस्सा पाहायचीच असेल तर सुरू होण्याआधी दहा मिनिटं येऊन मागच्या बाकावर बसा आणि शेवटपर्यंत थांबा. मध्येच उठून जाणं वाईट दिसतं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकले नाहीत तरी चालतं, शांत बसून राहा.

आता मुख्य चूक. मिस्साच्या उत्तरार्धात लोक रांगेने वेदीकडे जातात आणि फादर प्रत्येकाच्या तळहातावर किंवा जिभेवर एक पातळ गोल पांढरी चकती ठेवतात. आपल्याकडच्या पाहुण्यांना हा प्रसाद वाटतो. प्रसाद नाकारू नये हा संस्कार इतका खोल असतो की ते आदरानेच रांगेत उभे राहतात, चकती घेतात, कपाळाला लावतात आणि घरच्यांसाठी रुमालात बांधतात. हेतू चांगला, पण कॅथलिकांसाठी ही फार गंभीर गोष्ट आहे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचं शरीर आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि त्यासाठी तयारी केलेल्या कॅथलिक माणसानेच ते घ्यायचं, आणि तिथल्या तिथे ग्रहण करायचं. ते आवाराबाहेर नेणं म्हणजे विटंबना समजली जाते. तेव्हा रांग सुरू झाली की तुम्ही बाकावरच बसा. शेजारच्याला जायला वाट द्यावी लागली तर गुडघे बाजूला करा किंवा क्षणभर बाकाबाहेर उभे राहून पुन्हा आत या. रांगेत गेला नाहीत म्हणून कुणालाही वाईट वाटत नाही.

चुकून चकती हातात आलीच तर ती लपवू नका. तिथेच फादरना किंवा जवळच्या सेवकाला हळू आवाजात सांगून परत द्या.

दुसरी चूक वेदीजवळ जाण्याची. पुढच्या पायऱ्यांवर चढून फोटो काढणं म्हणजे गाभाऱ्यात शिरण्यासारखंच आहे. मेणबत्ती लावायची असेल तर त्यासाठी ठेवलेल्या जागीच लावा आणि पैसे पेटीत टाका.

मराठीतून ख्रिस्ती उपासना ऐकायची इच्छा असेल तर गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय गाठा. ते प्रॉटेस्टंट परंपरेतलं आहे, त्यामुळे तिथली रीत सिटी चर्चपेक्षा वेगळी आहे. दोन्ही एकाच सकाळी करू नका. पवित्र नामसाठी वेगळा रविवार ठेवा, कारण मराठी भक्तिगीतं ऐकण्यासारखी आहेत आणि ती घाईत ऐकून उपयोग नाही.

तपासा: बाहेर पडताना टोपी, रुमाल, ओळखपत्र हाताशी आहेत का? पुढच्या फाटकावर तिन्ही लागणार आहेत.

## ६. लाल देऊळ

रिक्षावाल्याला किंवा वाटेत कुणालाही ‘लाल देऊळ’ विचारा, लगेच सांगतील. लाल विटांची ही उंच मनोऱ्याची इमारत म्हणजेच ओहेल डेव्हिड. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेली ही वास्तू १८६७ साली पूर्ण झाली आणि त्यांची कबरही याच आवारात आहे. मनोरा आणि घड्याळ पाहून अनेक जण हे चर्च आहे असं धरून चालतात आणि फाटकावर ‘चर्च बघायचंय’ असं म्हणतात. तिथे परवानगीचं बोलणं चालू असताना तरी ही चूक होऊ देऊ नका.

दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचा. पिशव्या तपासतील, नावं लिहून घेतील. शांतपणे सहकार्य करा. रस्त्यावरून बंदोबस्ताचे, पोलिसांचे किंवा फाटकाचे फोटो काढू नका. आतल्या फोटोंसाठी स्पष्ट होकार मिळाला नसेल तर फोन खिशातच राहू द्या.

आत गेल्यावर पुरुषांनी डोकं झाका. मधल्या व्यासपीठावर चढू नका. समोरच्या भिंतीशी पडद्यामागे तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या ठेवलेल्या असतात, त्या पडद्याला हात लावायचा नाही. दाराच्या चौकटीला तिरकी बसवलेली छोटी पेटी दिसेल. येणारे-जाणारे तिला हात लावून बोटं ओठांना टेकवतात. आपण नुसतं पाहावं.

इथे अर्धा तास पुरतो. दाखवणाऱ्या माणसाला जास्त सांगावंसं वाटलं तर मात्र थांबा आणि पुढचं वेळापत्रक मागे ढकला. पुण्यात आता ज्यू घरं फार थोडी उरली आहेत आणि जे सांगणारे आहेत ते मायमराठीतच सांगतात. ते ऐकायला मिळणं ही या सगळ्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

इशारा: इस्रायल आणि पश्चिम आशियातलं राजकारण इथे काढू नका. तुमच्यासमोर उभा असलेला माणूस पुण्याचा आहे. त्याला पुण्याबद्दल विचारा.

## ७. अग्यारी बाहेरून, धानसाक आतून

नाना पेठेत आणि कॅम्पात अग्यारी आहेत. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही. यात घासाघीस नाही, ओळख काढून उपयोग नाही. फाटकातून आत डोकावणं, दारवानाला गळ घालणं, ‘फक्त एक मिनिट’ म्हणणं हे सगळं टाळा. रस्त्याच्या पलीकडून इमारत पाहा, दर्शनी बाजूचं कोरीवकाम पाहा आणि पुढे चला. प्रार्थनेला आलेल्या पारशी माणसाचा फोटो कधीही काढू नका.

पारशी जगात पाहुण्याला खुलं असलेलं दार जेवणाचं आहे. कॅम्पातल्या दस्तूर मेहेर रोडवरचं दोराबजी अँड सन्स १८७८पासून चालू आहे. इथे बारा ते साडेबाराच्या दरम्यान पोहोचा. दुपारी दीडनंतर गर्दी होते आणि हवा तो पदार्थ संपलेला असू शकतो.

काय मागवायचं हे नीट ठरवा. धानसाक म्हणजे तीन-चार डाळी, भोपळा, वांगं, मेथीसारख्या भाज्या आणि मटण एकत्र शिजवून घोटलेली दाट डाळ. तिच्याबरोबर साखर करपवून रंग दिलेला तपकिरी भात, कबाब आणि कांद्याची कचुंबर. डाळ भातावर एकदम ओतू नका. भात बाजूला, डाळ थोडी थोडी घेत, मधूनमधून लिंबू पिळलेली कचुंबर. पहिल्यांदा खाणाऱ्या दोघांत एक धानसाक पुरतो. जोडीला दुसरं काही हवं असेल तर एक बिर्याणी वाटून घ्या, पण धानसाक आणि बिर्याणी दोन्ही स्वतंत्र मागवलंत तर अर्धं ताटात राहतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पारशी घरात माणूस गेल्यावर पहिले तीन दिवस मांस शिजत नाही आणि चौथ्या दिवशी धानसाकाने तो नियम सुटतो. त्यामुळे नवजोत (मुलांचा धर्मदीक्षेचा विधी), लग्न, वाढदिवस अशा शुभ दिवशी धानसाक करत नाहीत. एरवी तो रविवारच्या दुपारचा लाडका पदार्थ आहे. पारशी मित्राच्या घरच्या आनंदाच्या प्रसंगी ‘आज धानसाक आहे ना?’ असं विचारणारे कितीतरी जण आहेत. शुभप्रसंगी पिवळी डाळ-भात आणि माशाचा आंबटगोड पातियो असतो, लग्नात पात्रानी मच्छी, साली बोटी आणि लगननु कस्टर्ड. शिवाय बहमन, मोहोर, गोश आणि राम या चार रोजांना (पारशी महिन्यातल्या ठरलेल्या दिवसांना) आणि बहमन महिन्यात नेम पाळणारे पारशी मांस खात नाहीत. म्हणजे वार पाळणारे आपण एकटे नाही. जेवताना शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी बोलणं निघालंच तर हा विषय सुरेख रंगतो.

शाकाहारी गटासाठी या टप्प्यावर दुसरा रस्ता आहे: कॅम्पातल्या गुरू नानक दरबार गुरुद्वाऱ्यातला लंगर. त्याचं पुढे दहाव्या टप्प्यात.

इशारा: सामिष जेवणानंतर मंदिर, देरासर किंवा गुरुद्वारा ठेवू नका. कुणी अडवणार नाही, पण तिथल्या भाविकाच्या घरी असं चालत नसेल तर आपणही पाळावं. म्हणूनच मंदिर सकाळी आणि सामिष दुपारी हा क्रम.

## ८. दुपारची फट

दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळात कॅम्प मंदावतो. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरीही दुपारी बंद असते. नेमक्या याच वेळात लोक उन्हात शटरसमोर उभे राहतात. जेवण सावकाश करा, मग मेन स्ट्रीटच्या कमानींच्या सावलीतून चाला.

बेकरी उघडल्यावर रांग लवकर लागते. तिथे गेल्यावर ठरवत बसू नका. काय आणि किती किलो हे आधी ठरवून ठेवा: श्रूजबेरी बिस्किटं, मावा केक, जिंजर बिस्किटं. अंडं न खाणाऱ्यांसाठी नेत असाल तर प्रत्येक प्रकाराबद्दल काउंटरवर विचारून घ्या, अंदाजाने नेऊ नका. केक दिवसभर पिशवीत दबतो, म्हणून खरेदी याच टप्प्यावर, त्याआधी नको.

चहा वेगळ्या ठिकाणी घ्या. जहांगीर हॉस्पिटलसमोरचं वोहुमन कॅफे या मार्गापासून जरा लांब, स्टेशनच्या बाजूला आहे. तिथला बन मस्का, चीज ऑम्लेट आणि चहा यांसाठी एखादी वेगळी सकाळ काढावी. आज ओढूनताणून बसवू नका.

## ९. उतरत्या उन्हात बाबाजान दर्गा

कॅम्पातल्या चारबावडीच्या भागात हजरत बाबाजान या सूफी संत स्त्रीचा दर्गा आहे. १९३१ साली त्यांचं निधन झालं. त्याआधीची कित्येक वर्षं त्या इथेच कडुनिंबाखाली बसत. त्यांचा शब्द मानणाऱ्यांत पुण्यात वाढलेले इराणी कुटुंबातले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबाही होते, त्यामुळे आजही इथे मुसलमानांबरोबर पारशी, हिंदू आणि परदेशी माणसंही येतात. पाहुण्याला हा उंबरा सर्वांत मोकळा वाटतो.

चप्पल बाहेर, डोक्यावर रुमाल. फुलं घ्यायची असतील तर घ्या, सक्ती नाही. मजारीकडे पाठ करून बसू नका, निघताना दोन पावलं मागे सरकत निघा. स्त्रियांनी कुठपर्यंत जायचं हे प्रत्येक दर्ग्यात वेगळं असतं, ते दारातल्या माणसाला विचारा. अजान झाली की आवाज खाली आणा. नमाज चालू असेल तर नमाजींच्या समोरून जायचं नाही, मागून वळसा घालायचा.

शेजारच्या मशिदीत डोकावायचं असेल तर दारात थांबून विचारा. ‘आत येऊ का?’ एवढं पुरतं. ‘नमाज झाल्यावर या’ असं उत्तर आलं तर ते होकारार्थीच आहे, थांबा.

## १०. शाकाहारी पर्याय: गुरुद्वारा

हा टप्पा दुपारी जेवणाऐवजी करा. दोराबजी आणि लंगर दोन्ही एका दिवसात बसत नाहीत आणि बसवूही नयेत.

हात-पाय धुऊन, डोकं झाकून आधी दरबार साहिबात माथा टेका, मग लंगरकडे वळा. सरळ जेवणाच्या हॉलमध्ये शिरणं ही सर्वांत नेहमीची चूक. कडा प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. पंगतीत बसल्यावर पोळीसाठीही दोन्ही हात पुढे करा, ताटातली पोळी उचलून ‘ही नको, गरम द्या’ म्हणू नका. कमी मागा, पुन्हा मागा, पण टाकू नका. जेवल्यावर ताट स्वतः उचलून द्या आणि भांडी घासायला, पोळ्या लाटायला किंवा वाढायला हात लागेल का ते विचारा. अर्धा तास सेवा केलीत तर बाजूला भांडी घासणारा माणूस आपणहून बोलायला लागतो, आणि मग त्याला काही विचारावं लागत नाही. गोलकात पैसे टाकायचे की नाही, किती टाकायचे, ही ज्याची त्याची बाब. ‘जेवणाचे किती झाले?’ असं मात्र विचारू नका.

## सणाच्या दिवशी जायचं असेल तर

वरचा सगळा क्रम साध्या दिवसासाठी आहे. सणाला एका दिवशी एकच ठिकाण घ्या.

रमजानमध्ये मोमिनपुरा, कॅम्प आणि कोंढव्यातलं कौसर बाग इथे रात्री खाण्याची गर्दी होते. रोजा सुटण्याच्या वेळी स्टॉलसमोर उभे राहू नका. त्या क्षणी दिवसभराच्या उपाशी माणसाचा हात आधी पोहोचला पाहिजे. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) तासाभराने जा. हलीम, नल्ली निहारी, मालपुवा आणि फिरनी यांपैकी दोनच निवडा.

नाताळात चोवीस तारखेच्या रात्रीपेक्षा पंचवीसची दुपार बरी. गोवेकर घरांत कुलकुल, नेवऱ्या, दोदोल असतं, तर मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, अनारसे, शंकरपाळे. फराळाचं बोलावणं आलं तर दिवाळीत नेतो तसं आपल्या घरचं काहीतरी डब्यातून घेऊन जा.

पालख्यांच्या मुक्कामाच्या दिवशी नाना पेठ आणि भवानी पेठेत वाहनं बंद असतात. त्या दिवशी निवडुंग्या विठोबाजवळ फिरायला म्हणून जाण्यापेक्षा पाणी, चहा किंवा केळी वाटणाऱ्या एखाद्या मंडळात सकाळी सहाला उभे राहा. नाव आदल्या दिवशी देऊन ठेवावं लागतं.